जमाव, टँकर आणि शाहीर : रमाबाई नगर गोळीबाराची तीन कथने

प्रास्ताविक

आंदोलक आणि पोलीस यांच्यातील संघर्षाची चर्चा महाराष्ट्रात बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरते. आंदोलक कोठे बसले किंवा कोठे जमले होते, हा पहिला प्रश्न आणि बळाचा वापर करण्यापूर्वी पोलिसांनी इशारा दिला होता काय, हा दुसरा. दोन्ही प्रश्न आवश्यक आहेत. तथापि त्यांच्या आधी एक प्रश्न उभा असतो व त्याकडे सहसा लक्ष जात नाही. घटनेची हकीकत कोणत्या क्षणापासून सांगावयाची? हकीकत रस्ता अडविल्याच्या क्षणापासून सुरू केली तर उत्तर देण्याची जबाबदारी आंदोलकांवर येते. ती रस्ता अडविण्याच्या कारणापासून सुरू केली तर समाजावर येते. ती मृतांपासून सुरू केली तर शासनाला उत्तर द्यावे लागते. म्हणजेच कथनाचा आरंभबिंदू हा केवळ शैलीचा भाग राहत नाही; त्यातून उत्तरदायित्वाचे वाटप होत असते.

मुंबईच्या पूर्व उपनगरातील घाटकोपर येथील माता रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी झालेला गोळीबार या दृष्टीने अभ्यसनीय आहे. या एकाच घटनेची तीन स्वतंत्र कथने सार्वजनिक जीवनात वावरताना दिसतात. पहिले शासकीय कथन, त्याच्या केंद्रस्थानी ‘जमाव’ व ‘टँकर’ आहेत. दुसरे नागरी कथन, त्याच्या केंद्रस्थानी रस्ता व वाहतूक आहे. तिसरे आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या माहितीपटाचे, त्याच्या केंद्रस्थानी एक शाहीर आहे. प्रस्तुत लेखात या तीन कथनांची तुलनात्मक समीक्षा करावयाची असून, माहितीपटाचे सामर्थ्य व त्याच्या मर्यादा यांचाही विचार करावयाचा आहे.

घटना

पूर्व द्रुतगती महामार्गाला लागून असलेली रमाबाई नगर ही प्रामुख्याने दलित, त्यातही बौद्ध श्रमिकांची वस्ती. ११ जुलै १९९७ च्या सकाळी वस्तीतील डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातल्याचे रहिवाशांच्या निदर्शनास आले. संतप्त लोक महामार्गावर उतरले आणि वाहतूक रोखली गेली. राज्य राखीव पोलीस दलाची तुकडी तेथे पोहोचली व उपनिरीक्षक मनोहर कदम यांच्या नेतृत्वाखालील या तुकडीने गोळीबार केला. त्यात १० जण मृत्युमुखी पडले व अनेक जखमी झाले. त्या वेळी राज्यात शिवसेना-भाजप युतीचे शासन होते. मनोहर जोशी मुख्यमंत्री होते व गृहखाते उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्याकडे होते.

घटनेच्या चौकशीसाठी शासनाने न्यायमूर्ती एस. डी. गुंडेवार यांचा आयोग नेमला. आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरविला आणि त्याची जबाबदारी कदम यांच्यावर ठेवली. त्यानंतरचा न्यायालयीन प्रवास मात्र प्रदीर्घ ठरला. मुंबईच्या सत्र न्यायालयाने २००९ मध्ये कदम यांना सदोष मनुष्यवधाच्या गुन्ह्यात दोषी ठरवून जन्मठेपेची शिक्षा सुनावली. पुढे उच्च न्यायालयाने ती शिक्षा स्थगित करून त्यांना जामीन दिला. घटना व दोषसिद्धी यांत जवळजवळ १२ वर्षांचे अंतर आहे. या अंतराची नोंद येथे मुद्दाम केली आहे, कारण तीनही कथने याच रिकाम्या काळात आपापली जागा शोधत होती.

शासकीय कथन : जमाव आणि टँकर

पोलिसांची बाजू थोडक्यात अशी होती : जमाव हिंसक बनला होता, महामार्गावर ज्वलनशील वायू वाहून नेणारे टँकर उभे होते, जमाव ते पेटविण्याच्या बेतात होता, टँकरचा स्फोट झाला असता तर परिसरात मोठी प्राणहानी झाली असती, म्हणून गोळीबार अपरिहार्य ठरला. आयोगाने हा युक्तिवाद स्वीकारला नाही. तरीही कथन म्हणून त्याची रचना पाहण्याजोगी आहे.

या रचनेत प्रत्यक्षात झालेल्या १० मृत्यूंच्या समोर न झालेले असंख्य मृत्यू ठेवले जातात. टळलेल्या आपत्तीचे मोजमाप कोणालाच करता येत नाही, त्यामुळे ती हवी तेवढी मोठी कल्पिता येते. टँकर हा या कथनाचा खरा नायक आहे. तो बोलत नाही, साक्ष देत नाही आणि त्याच्या उपस्थितीने मृतांचे वय, व्यवसाय, ते कोठे उभे होते, या साऱ्या तपशिलांना गौणत्व येते. मृत व्यक्ती येथे व्यक्ती राहत नाहीत. त्या ‘जमावा’चा भाग होतात.

‘जमाव’ या शब्दाचे कार्यही तपासले पाहिजे. मराठीत लोकांच्या एकत्र येण्याला अनेक नावे आहेत : सभा, मेळावा, मोर्चा, दिंडी, यात्रा, जत्रा, गर्दी. ‘जमाव’ हा शब्द व्यवहारात पोलीस पंचनाम्याच्या व बंदोबस्ताच्या भाषेतून स्थिरावला आहे. ‘बेकायदेशीर जमाव’, ‘जमावबंदी’, ‘जमाव पांगविणे’ या शब्दबंधांमुळे त्याला आरंभापासूनच संशयाची छटा आहे. वृत्तपत्रीय मराठीने ही शब्दावली जवळजवळ जशीच्या तशी स्वीकारली. ‘सौम्य लाठीमार’, ‘परिस्थिती नियंत्रणात’, ‘तणावपूर्ण शांतता’, ‘अनुचित प्रकार टाळण्यासाठी’ ही पदे वाचकाच्या इतकी परिचयाची आहेत की, त्यांच्यातील दृष्टिकोन जाणवत नाही. लाठीमार सौम्य होता की नाही, हे सांगण्याचा अधिकार वास्तविक ज्याला मार बसला त्याचा. परंतु विशेषण मारणाऱ्याच्या बाजूने लागते. ‘परिस्थिती नियंत्रणात’ या वाक्यांशात परिस्थिती कोणाची व नियंत्रण कोणाचे, हे दोन्ही अध्याहृत राहते.

कायद्याची भाषा या बाबतीत वृत्तपत्रांच्या भाषेपेक्षा अधिक सावध आहे. घटनेच्या वेळी लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम १२९ नुसार जमाव पांगविण्याचा आदेश कार्यकारी दंडाधिकारी, पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी किंवा त्याच्या अनुपस्थितीत उपनिरीक्षकापेक्षा कमी दर्जाचा नसलेला अधिकारी देऊ शकत असे. आधी आदेश, आदेश न पाळल्यास बळ, असा तो क्रम आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४८ मध्ये हीच तरतूद कायम आहे. म्हणजे कायद्याला क्रम अभिप्रेत आहे. टँकरच्या कथनाने हा क्रम उलटविला. तेथे संकट आधी येते, ते इतके तातडीचे असते की क्रमाचा विचार करण्यास अवसरच उरत नाही. त्याच संहितेच्या कलम १३२ नुसार अशा कृतीबद्दल पोलीस अधिकाऱ्यावर खटला भरण्यास शासनाची पूर्वसंमती आवश्यक होती. आंदोलकावर गुन्हा नोंदविण्यास मात्र अशा कोणत्याही संमतीची आवश्यकता नसते. दोन बाजूंच्या उत्तरदायित्वाच्या गतीत जो फरक पडतो, त्याचे एक मूळ या तरतुदीत आहे.

नागरी कथन : रस्ता आणि वाहतूक

दुसरे कथन शासनाचे नसून नागरिकांचे आहे. त्याचा सूर सौम्य व समंजस असतो. मागणी योग्य असेल, परंतु रस्ता का अडवावा? रुग्णवाहिका अडकली तर? नोकरदारांनी घरी कसे जावे? उपनगरांत राहणाऱ्या आणि रोज लोकलच्या गर्दीतून व महामार्गावरील कोंडीतून प्रवास करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हे प्रश्न खोटे नाहीत. मुलुंडपासून शीवपर्यंतच्या पट्ट्याला पूर्व द्रुतगती महामार्ग व मध्य रेल्वे या दोनच प्रमुख धमन्या आहेत. त्यांपैकी एक जरी बंद पडली तरी लाखो लोकांचा दिवस वाया जातो.

या कथनाला घटनात्मक आधारही दिला जातो. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात डॉ. आंबेडकर यांनी सनदशीर मार्ग उपलब्ध असताना कायदेभंग व सत्याग्रह यांचा त्याग करावा, असे आवाहन केले होते, याचा दाखला आंदोलनांच्या विरोधात वारंवार दिला जातो. हा दाखला देताना दोन गोष्टी सुटतात. एक, त्या आवाहनाला ‘मार्ग उपलब्ध असताना’ ही अट जोडलेली आहे. दोन, तेच बाबासाहेब १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर व १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिरासमोर सार्वजनिक जागेवरील हक्कासाठी हजारोंच्या संख्येने लोकांना घेऊन उभे राहिले होते. महाडचा प्रश्नच मुळी सार्वजनिक जागा कोणाची, हा होता. रमाबाई नगरातील पुतळा हाही रहिवाशांच्या दृष्टीने केवळ शिल्प नव्हता. सार्वजनिक जागेत आपल्याला स्थान आहे, याची ती खूण होती. तिची विटंबना झाल्यावर लोक सार्वजनिक रस्त्यावरच आले, यात एक सुसंगती आहे. ती मान्य केली म्हणून रस्ता रोखणे कायदेशीर ठरत नाही. परंतु ते अकारण होते, असेही म्हणता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने ‘हिंमतलाल शहा’ (१९७३) या प्रकरणात सार्वजनिक रस्त्यावर सभा घेण्याच्या हक्काला वाजवी नियमनाच्या अधीन राहून मान्यता दिली. शाहीन बागेसंबंधीच्या ‘अमित साहनी’ (७ ऑक्टोबर २०२०) या निकालात मात्र सार्वजनिक मार्ग अनिश्चित काळ व्यापता येणार नाहीत, आंदोलने नेमून दिलेल्या जागीच व्हावीत, असे मत नोंदविले. मुंबईत ही नेमलेली जागा म्हणजे आझाद मैदान. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस मनोज जरांगे पाटील यांच्या नेतृत्वाखाली मराठा आंदोलक तेथे आले, तेव्हा परवानगी ५,००० जणांची होती व आलेले त्याहून कितीतरी अधिक. पाच दिवस चर्चा मुख्यतः रस्ते, स्थानक, शौचालये व मुदत यांवरच झाली.

नियत जागेच्या या व्यवस्थेत एक अडचण आहे. ती पूर्वनियोजित आंदोलनाला लागू पडते. विटंबना, अपघात, पाडकाम यांसारख्या घटनेनंतर काही मिनिटांत उमटणाऱ्या प्रतिक्रियेला परवानगीचा अर्ज भरावयास वेळ नसतो, आणि ती घाटकोपरला उमटली तर आझाद मैदान वीसेक किलोमीटर दूर असते. उपनगरातील श्रमिक वस्तीला महामार्ग हेच जवळचे मैदान असते. नागरी कथन ही अडचण विचारात घेत नाही. ते घटनेची सुरुवात चाके थांबल्यापासून करते. त्यामुळे चाके पुन्हा फिरू लागली की त्याच्या दृष्टीने घटना संपते.

शाहिराचे कथन : ‘जय भीम कॉम्रेड’

पटवर्धन यांचा माहितीपट हकीकत तिसऱ्याच ठिकाणाहून सुरू करतो. गोळीबारानंतर चार दिवसांनी, १५ जुलै १९९७ रोजी, शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंड येथील आपल्या झोपडीत आत्महत्या केली. घोगरे हे डाव्या सांस्कृतिक चळवळीतील कवी-गायक. ‘आव्हान नाट्य मंच’ या पथकाशी ते संबंधित होते व पुढे त्यांना त्यातून बाहेर पडावे लागले होते. पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या झोपडपट्ट्यांच्या पाडकामावरील माहितीपटात ते गायले होते. वर्गाची भाषा बोलणाऱ्या या शाहिराने अखेरच्या क्षणी डोक्याला निळी पट्टी बांधली होती. माहितीपटाच्या नावातील दोन शब्द या एका प्रतिमेतून निघाले आहेत. ‘जय भीम’ आणि ‘कॉम्रेड’ ही दोन अभिवादने एकत्र का नांदू शकली नाहीत, हा प्रश्न पुढील सुमारे तीन तास प्रेक्षकाची सोबत करतो.

हा आरंभबिंदू निवडल्यामुळे दोन परिणाम साधले जातात. पहिला, मृतांची संख्या गोळ्यांनी ठरत नाही. गोळीबाराची झळ घाटकोपरच्या महामार्गावर थांबत नाही. ती मुलुंडच्या एका झोपडीत जाऊन पोहोचते. दुसरा, ‘जमावा’ला चेहरे व आवाज मिळतात. चित्रीकरण सुमारे १४ वर्षे चालले असल्याने वस्तीतील माणसे पडद्यावर वयाने वाढताना दिसतात. चौकशी, तारखा, स्मृतिदिन यांतून जाणारी ही माणसे आपल्या मृतांविषयी वर्षानुवर्षे त्याच ठामपणे बोलतात. टँकरच्या युक्तिवादाला माहितीपट भावनेने उत्तर देत नाही. तो अंतर, जागा व वेळ यांविषयीच्या साक्षी शेजारी ठेवतो व निवाडा प्रेक्षकावर सोपवितो. माहितीपटातील हा भाग सर्वांत संयत आहे आणि त्यामुळेच सर्वांत प्रभावी ठरला आहे.

गीते हे या माहितीपटाचे दुसरे बलस्थान. महाराष्ट्रात आंबेडकरी जलशांची परंपरा दीर्घ आहे. भीमराव कर्डक व वामनदादा कर्डक यांची नावे त्या संदर्भात आदराने घेतली जातात. डाव्या चळवळीत अण्णा भाऊ साठे, अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्या ‘लाल बावटा कलापथका’ने शाहिरीला नवे वळण दिले. अण्णा भाऊंचे वास्तव्य घाटकोपरच्याच चिरागनगरात होते. म्हणजे ज्या उपनगरात गोळीबार झाला, ते उपनगर शाहिरीचे माहेरघरच होते. या पार्श्वभूमीवर माहितीपटातील गाणी पार्श्वसंगीत म्हणून येत नाहीत. ती साक्ष म्हणून येतात. वृत्तपत्रांत आणि शासकीय दप्तरांत ज्यांचे म्हणणे नोंदले गेले नाही, त्यांनी ते गाण्यात नोंदविले. ढोलकी, डफ व कोरसच्या साथीने वस्तीच्या चौकात उभे राहणारे गायक हे एका अर्थी समांतर चौकशी आयोगच चालवीत असतात.

माहितीपटातील आणखी एक प्रसंग नागरी कथनाच्या संदर्भात महत्त्वाचा आहे. ६ डिसेंबर रोजी चैत्यभूमीवर येणाऱ्या अनुयायांविषयी दादर परिसरातील सुस्थित नागरिक गर्दी, अस्वच्छता व गैरसोय यांच्या भाषेत बोलतात. दिग्दर्शक त्यांच्याशी वाद घालत नाही. तेथे कोणी रस्ता अडविलेला नाही, घोषणाबाजी नाही, दगड नाही. लोक केवळ अभिवादनासाठी आले आहेत. तरीही तक्रारीचा सूर तोच राहतो. वाहतुकीची चिंता खरी असली तरी, तिच्या आड पुष्कळदा कोणती माणसे सार्वजनिक जागेत दिसावीत याविषयीची नाराजी दडलेली असते, हे या प्रसंगातून भाष्याविना स्पष्ट होते.

माहितीपटाच्या उत्तरार्धात खैरलांजीचे हत्याकांड (२००६), दलित नेतृत्वातील फाटाफूट व तडजोडी आणि पुण्याच्या कबीर कला मंचाचे तरुण कलावंत येतात. शीतल साठे यांचे गायन हा त्यातील उत्कर्षबिंदू. या कलावंतांवर नक्षलवादाचा आरोप झाला व ते भूमिगत झाले. शीतल साठे व सचिन माळी यांनी पुढे २ एप्रिल २०१३ रोजी विधान भवनासमोर स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन केले. ज्या शाहिरापासून माहितीपट सुरू झाला, त्याचे वारसदार माहितीपटाच्या शेवटी पडद्यावरून व सार्वजनिक जीवनातूनही दिसेनासे होतात. १९९७ मध्ये रस्त्यावरील माणूस ‘जमाव’ ठरला होता. २०११ मध्ये त्याच्यासाठी गाणारा संशयित ठरला.

माहितीपटाच्या मर्यादा

एवढे सामर्थ्य मान्य करूनही काही उणिवांचा निर्देश आवश्यक आहे. पहिली उणीव म्हणजे गोळीबाराची संस्थात्मक बाजू अर्धवट राहते. गोळी झाडण्याचा निर्णय एका उपनिरीक्षकाच्या हाती कसा आला, वरिष्ठ अधिकारी व दंडाधिकारी त्या वेळी कोठे होते, राखीव दलाच्या जवानांना अशा प्रसंगांचे कोणते प्रशिक्षण होते, हे प्रश्न आख्यानाच्या ओघात मागे पडतात. परिणामी जबाबदारी एका नावाशी बांधली जाते. आयोगाच्या व न्यायालयाच्या निष्कर्षांशी हे सुसंगत असले, तरी ज्या व्यवस्थेने त्या अधिकाऱ्याला तेथे उभे केले, ती व्यवस्था सुखरूप सुटते. शासकीय कथनाचा पराभव करताना माहितीपट नकळत त्याचीच एक सोय स्वीकारतो.

दुसरी उणीव पोलीस दलातील माणसांविषयीची आहे. शिपाई व जवान बहुतांशी ग्रामीण, अल्पउत्पन्न गटातील कुटुंबांतून येतात; त्यांतील कित्येक मागासवर्गीयही असतात. वर्ग व जात यांच्या गुंत्याचा शोध घेणाऱ्या माहितीपटाने हा गुंता बंदुकीच्या दुसऱ्या टोकालाही शोधला असता, तर त्याचे विश्लेषण अधिक भेदक झाले असते.

तिसरी उणीव रचनेची. खैरलांजी, निवडणुका व पुण्याचे कलावंत असा विस्तार होताना रमाबाई नगर हे हळूहळू एका व्यापक अन्यायकथेचे पहिले प्रकरण बनते. हा विस्तार अर्थपूर्ण आहे. परंतु रस्त्यावर उतरलेल्या नागरिकाशी शासनाने कसे वागावे, हा नेमका प्रश्न त्यात विरळ होतो. अर्थात या प्रश्नाचे उत्तर शोधणे हे एकट्या माहितीपटाचे काम नव्हे. ते काम विधिमंडळ, न्यायालये, विद्यापीठे व वृत्तपत्रे यांचेही आहे.

स्मृतीतील विषमता

गोळीबाराला बळी पडलेल्यांना महाराष्ट्राने कधीच मान दिला नाही, असे म्हणणे चूक ठरेल. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत, विशेषतः नोव्हेंबर १९५५ व जानेवारी १९५६ मध्ये, मुंबईत पोलिसांच्या गोळ्यांना शंभरच्या आसपास माणसे बळी पडली. तेव्हाही शासनाने जमावाच्या हिंसेचेच कारण दिले होते. आज त्या मृतांना हुतात्मा म्हटले जाते आणि शहराच्या मध्यवर्ती चौकाला त्यांचे नाव आहे. त्या चौकात वाहतूक किती वेळ खोळंबली होती, हे कोणी विचारीत नाही. रमाबाई नगरातील १० जणांची आठवण मात्र दरवर्षी ११ जुलै रोजी मुख्यतः वस्तीतच जागविली जाते. दोन्ही प्रसंगी गोळी पोलिसांचीच होती. एकाच्या मृत्यूला राज्याच्या जन्मकथेत स्थान मिळाले, दुसऱ्याचा मृत्यू कायदा व सुव्यवस्थेच्या सदरात राहिला. मराठी सार्वजनिक स्मृतीने या फरकाचे स्पष्टीकरण अद्याप दिलेले नाही.

शासनाच्या प्रतिसादातही असाच फरक दिसतो. १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातील आंतरवाली सराटी येथे उपोषणस्थळी पोलिसांनी लाठीमार केला. आंदोलकांप्रमाणे पोलीसही जखमी झाले. त्यानंतर काही दिवसांतच तत्कालीन उपमुख्यमंत्री व गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी शासनाच्या वतीने क्षमा मागितली. ती मागणे उचितच होते. परंतु त्यातून एक प्रश्न उरतो. उत्तरदायित्व ठरण्यास एका ठिकाणी दिवस लागतात व दुसऱ्या ठिकाणी वर्षे, हा फरक घटनेच्या गांभीर्याने ठरतो की आंदोलकांच्या संख्याबळाने?

त्याच महामार्गावर, त्याच उपनगरांत

पुढील काळात याच परिसराने अन्य शक्यताही पाहिल्या. भीमा कोरेगावच्या घटनेनंतर २ व ३ जानेवारी २०१८ रोजी रमाबाई नगरातील लोक पुन्हा महामार्गावर आले आणि वाहतूक पुन्हा ठप्प झाली. तथापि १९९७ ची पुनरावृत्ती झाली नाही. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी अखिल भारतीय किसान सभेचा मोर्चा नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालत मुलुंडमार्गे याच महामार्गाने मुंबईत आला. ११ मार्चच्या रात्री शीवजवळील सोमय्या मैदानावर विसावलेले हजारो शेतकरी, सकाळी दहावीच्या परीक्षार्थींची अडचण होऊ नये म्हणून, मध्यरात्रीनंतरच पुन्हा चालू लागले व पहाटे आझाद मैदानावर पोहोचले. पोलिसांनी मार्ग मोकळा ठेवला. नागरिकांनी पाणी व अन्न दिले. या मोर्च्याचे कौतुक सर्वत्र झाले. मात्र या कौतुकातही नागरी कथन डोकावते. शेतकरी ‘शहाणे’ ठरले, कारण त्यांनी शहराला आपली जाणीव कमीत कमी होऊ दिली. रक्ताळलेल्या पायांनी रात्रभर चालण्याची किंमत त्यांनी मोजली, हे या कौतुकात क्वचितच मोजले गेले.

पश्चिम उपनगरातील आरे वसाहतीचा अनुभव वेगळा आहे. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने मेट्रो कारशेडसंबंधीच्या याचिका फेटाळल्या व त्याच रात्री वृक्षतोड सुरू झाली. विरोधासाठी लोक जमले. जमावबंदी लागू झाली. २९ जणांना अटक झाली. ७ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविण्याचा आदेश दिला, तोपर्यंत २,००० हून अधिक झाडे पडली होती. येथे आंदोलकांना दिलेला सल्ला सनदशीर मार्गाने जाण्याचा होता; परंतु तो मार्ग चालून होईपर्यंत वादाचा विषयच जमीनदोस्त झाला. ‘मार्ग उपलब्ध असताना’ या अटीचे महत्त्व अशा प्रसंगी कळते. मार्ग केवळ कागदावर असून भागत नाही. तो वेळेत उपलब्ध असावा लागतो.

समारोप

रमाबाई नगरच्या तीन कथनांची तुलना केली असता असे दिसून येते की, शासकीय कथनाने संकटाची तातडी पुढे केली, नागरी कथनाने गैरसोय पुढे केली आणि ‘जय भीम कॉम्रेड’ने माणसे पुढे केली. पहिले कथन आयोगासमोर टिकले नाही, तरी त्याची शब्दावली आजही वृत्तांकनात टिकून आहे. दुसरे कथन उत्तरोत्तर प्रबळ होत असून, आंदोलनाच्या चर्चेत ‘का’ या प्रश्नाची जागा ‘कोठे’ या प्रश्नाने घेतली आहे. तिसरे कथन कलेच्या मार्गाने आले आणि त्याने मृतांना ‘जमावा’तून बाहेर काढले, तथापि आदेशाची साखळी व दलाची रचना यांच्यापर्यंत ते पोहोचू शकले नाही.

आंदोलकांसाठी जागा, वेळ, संख्या व मुदत यांचे नियम उत्तरोत्तर तपशीलवार होत आहेत. त्याच तपशिलाने बळाच्या वापराचा हिशेबही मागितला गेला पाहिजे. गोळीबाराचा आदेश कोणी, किती वाजता, कोणत्या इशाऱ्यानंतर दिला, याची नोंद ठराविक दिवसांत प्रसिद्ध व्हावी, खटल्याच्या पूर्वसंमतीला कालमर्यादा असावी व चौकशी आयोगाचा अहवाल कृतीसह विधिमंडळापुढे यावा, या किमान अपेक्षा आहेत. महाविद्यालयीन अध्यापनातही या घटनेला स्थान देता येईल. राज्यशास्त्राच्या वर्गात आयोगाचे निष्कर्ष, मराठीच्या वर्गात शाहिरी परंपरा आणि वृत्तविद्येच्या वर्गात ‘सौम्य लाठीमार’ हा शब्दप्रयोग एकाच वेळी अभ्यासले गेले, तर तीन कथने तीन वेगळ्या कप्प्यांत राहणार नाहीत. घाटकोपर, मुलुंड, विक्रोळी येथील महाविद्यालयांत शिकणारे कित्येक विद्यार्थी याच महामार्गालगतच्या वस्त्यांतून येतात. त्यांच्या घरी ही हकीकत वेगळ्या क्षणापासून सांगितली जात असते, आणि वर्गात तिला ऐकून घेणारे कोणी असले पाहिजे.